खिडकीतली थ्री नॉट थ्री

सदतीस वर्षांच्या नोकरीत मी असंख्य पंचनामे केले, जबाब घेतले, स्टेशन डायरीत पानंच्या पानं भरली. त्यातलं बरंचसं आता विसरलो आहे. पण ज्या एका प्रकरणात टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसायची पाळी माझ्यावर आली, ते मात्र कालच घडल्यासारखं आठवतं. हे प्रकरण निवृत्तीनंतरचं आहे आणि घडलं आयर्लंडमध्ये, गॉलवे शहरात. नावं कुणाचीच देत नाही. ती माझी जुनी शिस्त आहे, शिवाय या वेळी घरच्यांनी तशी तंबीही दिली आहे.

२०२० साली फेब्रुवारीअखेर मी आणि माझी बायको तीन महिन्यांसाठी लेकीकडे आलो. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि तीन महिन्यांचं दीड वर्ष झालं. जावई मूळचे नागपूरचे, इथं वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. माणूस अत्यंत सज्जन, पण अबोल. मला "बाबा" अशी हाक मारायचे आणि पुढचं वाक्य सुचलं नाही की चहा करायला उठायचे. पहिल्या दोन महिन्यांत मी भरपूर चहा प्यालो, पण आमचं बोलणं काही पुढं सरकलं नाही.

मे महिन्यात खबर आली. नोकरीत मी पुष्कळ खबरी सांभाळले, पण माझ्या बायकोच्या तोडीचा एकही भेटला नाही.

"अहो, जावयांचं कायतरी चाललंय," ती भांडी पुसता पुसता हळूच म्हणाली. "संध्याकाळी मागच्या शेडला आतनं कडी लावून बसत्यात. जाताना इस्त्री घेऊन जात्यात. आन् परत आले की अंगाला जवसाच्या तेलाचा वास."

"नागपूरचे आहेत. जवसाची चटणी करत असतील."

"शेडमधी?"

मी पाळत सुरू केली. लॉकडाऊनमध्ये माणसाला दुसरा उद्योग तरी काय असतो? तीन दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीत मोबाईल हातात धरून बसलो. निष्पन्न असं झालं: इस्त्री जाते, सोबत ओला टॉवेल जातो, तासाभरानं दोन्ही परत येतात. चौथ्या दिवशी कुरिअरनं लांबट पुडकं आलं आणि जावयांनी ते लेकीच्याही नजरेआड शेडमध्ये नेलं. आता चौकशी करणं भाग होतं.

माझी चौकशीची पद्धत साधी होती. पहिला प्रश्न कधीच आपण विचारायचा नाही. वस्तू समोर ठेवायची आणि गप्प बसायचं. आणखी एक सिद्धांत होता, त्याचा मला फार गर्व होता. समोरचा माणूस "आठवत नाही" म्हणाला की तो खोटं बोलतो आहे, असं खुशाल समजावं. याच सिद्धांतावर मी एकदा माझ्या ठाण्यातल्या एका मुद्देमाल हवालदाराला दोषी धरलं होतं. जप्तीचा माल ठेवायच्या खोलीची किल्ली हरवली. "किल्ली कुणाला तरी दिल्याचं आठवतंय साहेब, कुणाला दिली ते आठवत नाही," असं तो म्हणाला. मी त्याच्या सर्व्हिस शीटवर लाल शाईनं "बेफिकीर" असा शेरा मारला. त्या शेऱ्यापायी त्याची बढती लांबली. मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

तर, शनिवारी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर, पोह्यांच्या पातेल्याशेजारी, मी इस्त्री ठेवली आणि गप्प बसलो. जावयांनी इस्त्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, मी तुम्हाला सांगणारच होतो."

"हे वाक्य मी सदतीस वर्षं ऐकलंय. पुढं बोला."

ते उठले. चहाकडे न जाता शेडकडे निघाले. आत भिंतीला ठोकलेलं लोखंडी कपाट, त्याला दोन कुलपं. दोन्ही उघडली. आत थ्री नॉट थ्री रायफल उभी होती.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला लाज वाटत नाही. साहेब मी पुढं झालो; एकोणिसाव्या वर्षी भरती झालो तो शिपाई म्हणून. प्रशिक्षण केंद्रात सही करून पहिल्यांदा ताब्यात घेतलेली रायफल हीच, याच बनावटीची. तिच्यासकट मैदानाला धावत फेऱ्या मारल्या, तिच्यापायी शिव्या खाल्ल्या, रात्रपाळीला तिच्याशी बोललोही. घरात लग्नाची बोलणी सुरू झाली त्याच्या कितीतरी आधीपासून ती माझ्यासोबत होती. पण पोलीस जागा झालाच. मी आवाज चढवला.

"कागद?"

जावयांनी फाईल पुढं केली आणि पहिल्यांदाच माझ्याशी सलग दहा मिनिटं बोलले. "बाबा, ही आता चालणारी रायफल नाही. नळीत पोलादी कांडी घालून वेल्डिंग केलंय. बोल्ट जाम आहे, फायरिंग पिन नाही. प्रत्येक भागावर तपासणीचा शिक्का आहे. हे निष्क्रिय केल्याचं मूळ प्रमाणपत्र, त्यावर हा नंबर. आणि हे इथल्या पोलीस अधीक्षकांचं पत्र, की ही संग्रहासाठी ठेवायला त्यांची परवानगी आहे. लष्करी जुन्या वस्तूंचा नाद मला कॉलेजपासून आहे. ही इथं आल्यावर घेतली."

मी चष्मा पुसला. नंबर तीनदा ताडून पाहिला. शिक्के मोजले. कागद चोख होते.

"मग लपवलंत कशाला?"

"तुम्ही पोलीसवाले. म्हटलं, तुम्हाला वाटेल, मुलगी दिली ती कुणाच्या घरात?"

"मला वाटतंय, योग्य घरात दिली," मी म्हणालो. ते इतक्या जोरात हसले की लेक बाहेर धावत आली.

त्या दिवसापासून आमचा घरोबा सुरू झाला. जावयांचा एकच नियम होता, आणि तो कायद्याचाच होता: वेल्डिंगला आणि यंत्रभागाला हात लावायचा नाही. डागडुजी करायची ती लाकडाची, चामड्याची आणि वरवरच्या स्वच्छतेची. आधीच्या कुणी मालकानं लाकडावर चकचकीत वॉर्निश फासलं होतं. ते आम्ही हळूहळू उतरवलं. लाकडाला पडलेल्या पोच्यांवर ओला टॉवेल ठेवून वरून गरम इस्त्री दाबायची, की वाफेनं दबलेलं लाकूड फुगून वर येतं. इस्त्रीचं रहस्य ते होतं. मग जवसाचं कच्चं तेल तळहातावर घेऊन लाकूड गरम होईपर्यंत चोळायचं, काही दिवस वाळू द्यायचं, पुन्हा चोळायचं. पुडक्यात आला होता तो खांद्यावर अडकवायचा पट्टा. तो बसवायला मी शिकवलं, कारण जावयांनी तो उलटा लावला होता.

वाद एकाच गोष्टीवरून झाला. रायफलीच्या लाकडी बटाला, म्हणजे खांद्याला टेकवायच्या दस्त्याला, मागून पितळी पट्टी असते आणि त्या पट्टीला एक छोटं झाकण असतं. झाकणाच्या आत पोकळी. तिथं तेलाची बाटली आणि नळी साफ करायची दोरी ठेवतात. हे पितळ काळवंडलेलं पाहून मला राहवलं नाही. आमच्या परेडला पितळेत तोंड दिसलं नाही तर रविवारची सुट्टी जायची. मी बायकोला सांगितलं, तिनं देवाच्या भांड्यांसारखं चिंच-मीठ लावून ते झगझगीत केलं. जावई आले आणि डोक्याला हात लावून खालीच बसले.

"आई, हा काळेपणा शंभर वर्षांचा होता!"

"मग? किती दिवस ठेवायचा?" बायको म्हणाली.

संग्राहकाला वस्तूचं वय दिसायला हवं असतं आणि पोलिसाला तिची चकाकी. हे मला त्या दिवशी कळलं. जावयांनी मोठ्या मनानं आम्हाला माफ केलं.

ऑक्टोबरात दसरा आला. बाहेर कडक निर्बंध होते, पाच किलोमीटरपलीकडे जाता येत नव्हतं, कुणाला घरी बोलावता येत नव्हतं. मी ठरवलं, शस्त्रपूजा करायची, आणि ठाण्यात व्हायची तशीच करायची. ठाण्यात दसऱ्याला शस्त्रागारातली हत्यारं मांडली जातात आणि त्यांच्याशेजारी शस्त्रांचं रजिस्टरही पूजेला ठेवलं जातं. इथं रजिस्टर म्हणजे ते प्रमाणपत्र. जावयांनी कपाट उघडून रायफल माझ्या हाती दिली आणि फाईलीतून प्रमाणपत्रही काढून दिलं. पुढच्या खोलीच्या रुंद खिडकीत कोवळं ऊन होतं. तिथं लाल वस्त्रावर रायफल आडवी मांडली, हळदकुंकू वाहिलं, कागदाच्या कोपऱ्यालाही बोट लावलं. लेकीनं लावलेल्या झेंडूची फुलं होतीच. मी सावधान उभा राहिलो आणि कडक सॅल्यूट ठोकला.

आता माझी चूक सांगतो. शस्त्रागाराचा पहिला नियम असा, की हत्यार रिकामं असो वा भरलेलं, नळीचं तोंड खोलीतल्या माणसांकडे करायचं नाही. मी नियम पाळला. नळी बाहेरच्या बाजूला केली. म्हणजे रस्त्याकडे.

श्रीखंड-पुरीची ताटं वाढलेली असताना दारावर थाप पडली. दारात दोन पोलीस, इथं त्यांना गार्ड म्हणतात. पुढं पन्नाशीच्या सार्जंट बाई, उंच, मास्कवरचे डोळे शांत. मागं एक तरुण शिपाई. कुत्रा फिरवायला निघालेल्या एका बाईंनी फोन केला होता: या घरात एक म्हातारा गृहस्थ रस्त्यावर बंदूक रोखून तिला फुलं वाहतो आहे. ठाण्यात या पत्त्यावर परवानगीची नोंद सापडली, म्हणून हत्यारबंद पथक न पाठवता या स्वतः आल्या होत्या. रीतसर काम होतं. मला बाईंबद्दल त्याच क्षणी आदर वाटला.

"नोंद आहे, ते ग्रँड आहे," त्या म्हणाल्या. ग्रँड म्हणजे इथं नुसतं 'ठीक'. "पण मूळ प्रमाणपत्र बघून नंबर ताडायला लागेल मला."

जावई फाईल घेऊन आले. फाईलीत प्रमाणपत्र नव्हतं. लाल वस्त्र उचललं. खाली नव्हतं. खिडकीखाली, सोफ्यामागं, कपाटात, कुठंच नव्हतं.

जावयांचा चेहरा उतरला. त्यांनी नुकताच नागरिकत्वाचा अर्ज केला होता. सात वर्षं या देशात राहून, इमानेइतबारे काम करून केलेला अर्ज. त्यात वर्तणुकीबद्दल पोलिसांचं मत घेतात. सार्जंट बाईंनी मुद्दा स्पष्टच सांगितला. "कागदाशिवाय ही कायद्याच्या नजरेत चालू बंदूक ठरते. मला ती ताब्यात घेऊन चौकशी नोंदवावी लागेल. मी अर्धा तास बागेत थांबते. शोधा."

त्या अर्ध्या तासात मी घरातल्या सगळ्यांचे जबाब घेतले. लेकीला विचारलं, कागद रद्दीच्या हिरव्या डब्यात टाकलास का? तिनं डबा आमच्यासमोर उपडा केला. जावयांना विचारलं, मला दिल्यावर परत घेतलात का? नाही म्हणाले. बायकोवर माझा खास संशय होता. पूजा उचलताना तिनं फुलांबरोबर निर्माल्यात टाकला असणार, असं मी छातीठोकपणे जाहीर केलं. तिनं निर्माल्य चाळून दाखवलं आणि एकच वाक्य बोलली.

"सगळ्यांना इचारलंत. तुमचा जबाब कोण घेणार?"

सार्जंट बाई आत आल्या तेव्हा लेकीनं त्यांना हे वाक्य भाषांतर करून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, वही काढली आणि टेबलाशी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या.

"कागद तुम्ही शेवटचा कधी पाहिलात, सर?"

"सकाळी. पूजेच्या वेळी."

"कुणाच्या हातात होता?"

"माझ्या."

"मग कुठं ठेवलात?"

मी तोंड उघडलं. आठवेना. हळदकुंकू आठवत होतं, झेंडू आठवत होता, सॅल्यूट आठवत होता. कागदाला बोट लावल्यानंतरचं काहीच नाही.

"आठवत नाही," मी म्हणालो. "खरंच आठवत नाही."

बायको माझ्याकडे पाहत होती. किल्लीचं प्रकरण तिला ठाऊक होतं, त्या शेऱ्यावरून तेव्हाही ती माझ्याशी भांडली होती. मी मान खाली घातली. त्या क्षणी मला सार्जंटची भीती वाटली नाही. मला त्या हवालदाराचा चेहरा दिसला, आणि त्यानंही याच आवाजात हेच शब्द म्हटले होते, हे आठवून मला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

बाईंनी टेबलावर हात आपटला नाही. मी असतो तर आपटला असता. त्या म्हणाल्या, "होतं असं. माझ्या चाव्या मी फ्रिजमध्ये शोधते." मग घड्याळ पाहिलं. "पण मला ती घ्यावी लागेल आता."

जावई रायफल आणायला उठले. मी त्यांना थांबवलं. "मी जमा करतो. हत्यार जमा करायची एक पद्धत असते."

खिडकीजवळ गेलो. रायफल उचलली, बाईंसमोर उभा राहिलो. शस्त्रागारात हत्यार परत करताना काय करायचं ते कवायत शिकवणाऱ्या आमच्या उस्तादांनी अंगात भिनवलं होतं. नंबर मोठ्यानं वाचायचा. रायफल उलटी करायची. मग अंगठ्यानं बटाचं झाकण उघडून आतलं सामान उस्तादांना दाखवायचं. मी नंबर वाचला. रायफल उलटी केली. चिंचेनं लख्ख केलेलं झाकण अंगठ्यानं उघडलं. हे सगळं माझ्या हातांनीच केलं, मी विचारही केला नव्हता. आत दोन बोटं घातली. कागदाची सुरळी हाताला लागली.

आणि मग मला सगळं एकदम आठवलं. उस्तादांची शिस्त! हत्यार ताब्यात घेतलं की पावती सुरळी करून बटात ठेवायची, जमा करताना काढून द्यायची. सकाळी जावयांनी रायफल दिली, कागद दिला. पूजा झाली, आणि एकोणिसाव्या वर्षापासूनच्या हातांनी पावती बटात घातली. चोर मीच होतो आणि मुद्देमाल रायफलीच्याच पोटात होता.

सार्जंट बाईंनी सुरळी उलगडली. कोपऱ्यातल्या लाल डागाकडे पाहून त्यांची भुवई वर गेली.

"रक्त नाही ना?"

"कुंकू हाय, सांग तिला," बायको लेकीला म्हणाली.

नंबर ताडला. शिक्के पाहिले. बाईंनी वही मिटली आणि मास्कआड त्यांचे खांदे हलायला लागले. मागचा शिपाई तर भिंतीकडे तोंड करून हसत होता. जावयांनी मला मिठीच मारली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. बायकोनं विचारलं, "सापडला का आरोपी?" आणि मग मीही हसलो, पोट दुखेपर्यंत.

"ड्युटीवर काही घेत नाही," असं म्हणून बाईंनी श्रीखंड नाकारलं. मला ते आवडलं. पण आपट्याच्या जागी बागेतल्या झुडपाची पानं ठेवली होती, त्यातलं एक पान त्यांनी घेतलं आणि सोनं म्हणजे काय ते ऐकून वहीत जपून ठेवलं. जाताना दारात वळून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी नळी भिंतीकडे करा. आणि तुमच्या बाईंना आमच्याकडे नोकरी हवी असेल तर सांगा." चौकशी नोंदवली गेली नाही. पुढल्या वर्षी जावयांना नागरिकत्व मिळालं, निर्बंधांमुळे समारंभाशिवाय, नुसत्या सहीच्या कागदावर. तो कागद मात्र लेकीनं माझ्या हाती लागू दिला नाही.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं विचाराल तर एवढंच सांगेन. माणूस खरंच विसरतो. हात एक करतात आणि डोक्याला पत्ता नसतो. सदतीस वर्षं लोकांना प्रश्न विचारूनही हे मला ठाऊक नव्हतं. ते कळायला एका परक्या देशातल्या बाईंसमोर बसावं लागलं.

त्या दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी मी त्या हवालदाराचा फोन नंबर मिळवला. तेही निवृत्त होऊन साताऱ्याकडच्या आपल्या गावी शेती करतात. आवाज ऐकताच "साहेब!" म्हणाले, आणि फोनमधूनही मला कळलं की ते उठून उभे राहिले आहेत.

"बसा, हवालदार. ती किल्ली आठवते? तुम्ही 'आठवत नाही' म्हणाला होता. मी विश्वास ठेवला नाही. माझं चुकलं. माफी मागायला फोन केलाय."

पलीकडे ते हसायला लागले.

"साहेब, किल्ली घावली होती की. तुमची बदली झाल्यावर, नव्या साहेबांनी टेबल हलवलं तवा. तुमच्या खणाच्या मागं पडलेली. म्या तुमच्याकडंच दिलती जणू."

"माझ्याकडे? मग मला कळवलं का नाही?"

"तुमाला वाईट वाटलं असतं. तुमाला आठवत न्हाई का, साहेब?"

मी खूप प्रयत्न केला. "नाही हो," मी म्हणालो. "खरंच आठवत नाही."

"आसूं द्या, साहेब," हवालदार म्हणाले. "माझा इस्वास हाय तुमच्यावर."